भिंतीवर नाव कोणाचं?

आपल्या ग्राउंडच्या पायऱ्यांमागची लांबलचक भिंत रंगवायची, असं जिमखान्याच्या मीटिंगमध्ये ठरलंय, हे तुम्ही नोटीस बोर्डवर वाचलं असेलच. (नोटीस बोर्ड वाचणारे आपल्यात किती, हा प्रश्न वेगळा!) फुटबॉलमधल्या जुन्या-मोठ्या खेळाडूंची नावं आणि चित्रं तिथे काढायची, अशी कल्पना आहे. सूचना मागवल्या तर हॉस्टेलमधून एका रात्रीत चाळीसेक चिठ्ठ्या गेल्या. मेस्सी, रोनाल्डो, मॅराडोना, पेले, पुन्हा मेस्सी... भारतीय नाव एकच, सुनील छेत्री. तेही दोनच चिठ्ठ्यांवर.

आता मेस्सीवर माझा काही राग नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तो वानखेडेवर आला, तेव्हा आमच्या विंगमधल्या तिघांनी घरून दोन महिन्यांचे पैसे आगाऊ मागवून तिकिटं काढली होती. परत आल्यावर आठवडाभर त्यांच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. पण मला सांगा, ज्याचा सत्तर फुटी पुतळा कोलकात्यात उभा राहिला, त्याला चौकच्या भिंतीवर आणखी दहा फूट दिल्याने त्याच्या मोठेपणात काय भर पडणार आहे? मेस्सीला आपली गरज नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, आपण लिहिलं नाही तर जे नाव पुसलं जाईल, ते आधी लिहावं.

एक उदाहरण देतो. १ डिसेंबर १९५६. मेलबर्न ऑलिंपिक. भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आशियाई देश ठरला. त्या चारपैकी तीन गोल एकट्याने मारले होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. पुढे उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून आपण ४-१ ने हरलो, पण तो एक गोलही त्याचाच. स्पर्धेत एकूण चार गोल, म्हणजे सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिला! भारताचा चौथा क्रमांक आला. त्याच्यापुढे आपण आजवर गेलेलो नाही.

हा खेळाडू कोण? मी मेसमध्ये एका टेबलावर विचारलं. अकरा जण बसले होते, एकालाही सांगता आलं नाही. (खरं सांगायचं तर सहा महिन्यांपूर्वी मलाही आलं नसतं.) त्यांचं नाव नेव्हिल डिसोझा. खेळायचे मुंबईच्या टाटा संघाकडून. १९५४ साली मुंबईने संतोष करंडक जिंकला, त्या संघातही ते होते. १९८० मध्ये ते गेले. वांद्र्याला त्यांच्या नावाचं फुटबॉल मैदान आहे, एवढं तरी बरं! रोझारिओ आणि लिस्बन आपल्याला तोंडपाठ, आणि पनवेलहून लोकल धरली की दोन-अडीच तासांत पोहोचू अशा कूपरेजवर खेळून गेलेला माणूस आपल्याला ठाऊक नाही.

दुसरं नाव एस. एस. नारायण यांचं. गोलकीपर. १९५६ आणि १९६० अशी दोन ऑलिंपिक त्यांनी पाहिली. खेळाडू म्हणून घडले ते माटुंग्यात, आणि २०२१ मध्ये वारले ते ठाण्यात. तिसरं नाव कोकणपट्टीच्या टोकाचं, गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर. भारताचे कर्णधार आणि गोलकीपर, २०२२ चे पद्मश्री. ही तीन नावं भिंतीवर आली की नव्या पोरांना निदान प्रश्न तरी पडेल, हे कोण?

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे.

जिमखान्याच्या खोलीत आपल्या कॉलेजच्या जुन्या टीमचे फोटो टांगलेत. कधी नीट पाहिलेत? खाली नावांच्या कागदी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. चौकचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. भिंतीला ओल येते आणि दरवर्षी एखादी पट्टी गळून पडते. आज बहुतेक फोटोंखाली नुसते डिंकाचे डाग आहेत. त्यातला कोण कोण हे सांगू शकणारा एकच माणूस उरलाय, आपले ग्राउंडवाले काका. मी एक दिवस फोटो खाली काढून त्यांच्यापुढे धरला. चुन्याचे हात शर्टाला पुसून त्यांनी बोट ठेवलं, "हा लेफ्ट आऊट. पायाला प्लास्टर होतं तोपर्यंत रोज येऊन पायरीवर बसायचा. हा इलेक्ट्रिकलचा, याची केटी होती म्हणून झोनलला सोडत नव्हते, मग सरांनी शब्द टाकला..." अकराच्या अकरा नावं! आणि काका या मे महिन्यात रिटायर होतायत. म्हणजे आपल्याकडे भिंत रंगवायला भरपूर वेळ आहे, पण नावं लिहून घ्यायला नाही.

अमेरिकेत कॉलेजांच्या स्टेडियममध्ये माजी खेळाडूंची नावं लावायची पद्धतच आहे. त्यांचं फुटबॉल निराळं, चेंडू हातात घेऊन पळायचं! पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. फ्लोरिडा विद्यापीठाने २००६ मध्ये अशी नावं लावायला सुरुवात केली, ती फक्त चार नावांनी. चौघेही त्यांच्याच विद्यापीठाकडून खेळलेले. कोणाचं नाव लावायचं याचे नियम ठरलेले, त्यामुळे वशिल्याला जागा कमी. आपणही तसंच करावं. अर्धी भिंत त्या तिघांना आणि अर्धी आपल्या कॉलेजच्या खेळाडूंना. प्रत्येक नावाखाली साल आणि त्याने काय केलं, ते एका ओळीत. नुसतं 'महान खेळाडू' नको. देणगीदारांची पाटी हवी तर गेटवर लावा, तिथे ती शोभेलही.

एका सरांनी मला विचारलं, "अरे, आपल्या कॉलेजात असे महान कोण होऊन गेले? आणि हेच पैसे जाळ्या नि बॉलवर खर्च केले तर?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडून कोणी भारताकडून खेळलेलं नाही. पण पावसात, घोटाभर चिखलात, समोर इर्शाळगड ढगात गेलेला असताना, सबमिशनच्या आठवड्यातही जे इथे खेळले, त्यांच्यामुळेच या जागेला ग्राउंड म्हणतात. नाहीतर ती पार्किंगची जागा झाली असती. आणि रंगाच्या दोन डब्यांनी जाळ्यांचं बजेट बुडत नाही.

मात्र सरांच्या म्हणण्यातलं अर्धं मला शंभर टक्के मान्य आहे. गॅदरिंगचा मांडव ग्राउंडवर पडतो, मग खुंट्यांचे खड्डे आणि पसरलेली खडी महिनोन् महिने तशीच राहते. गेल्या वर्षी आमच्या गोलकीपरचा गुडघा त्याच खडीवर फुटला. भिंतीवर नारायणांचं चित्र आणि खाली गोलपोस्टपुढे खडी, असं असेल तर तो त्यांचा सन्मान नव्हे, थट्टा आहे. म्हणून भिंत रंगवण्याआधी खड्डे बुजवा, ही माझी चिठ्ठीवरची पहिली सूचना होती. नावं दुसऱ्या ओळीत होती.

असो. येत्या रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी काकांना घेऊन जिमखान्यात बसणार आहे. सगळे फोटो खाली काढायचे आणि ते सांगतील तसं लिहून घ्यायचं. अक्षर बरं असलेले दोघे-तिघे हवेत. माझं अक्षर कसं आहे, ते ज्यांनी माझ्या जर्नलवरून कॉपी केलंय त्यांना माहीत आहेच!

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल