खटला जिंकला, पण गाव दुरावले

१६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नांदणी (जि. कोल्हापूर) येथील जैन मठातील महादेवी ऊर्फ माधुरी हत्तिणीला जामनगरच्या 'वनतारा' केंद्रात हलवण्याचा आदेश दिला. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. 'पेटा' ही प्राणीहक्क संघटना खटला जिंकली. पण पुढच्या काही दिवसांत हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरला चालत गेले, जिओवर बहिष्काराची हाक आली आणि वनताराला नांदणी परिसरातच केंद्र उभारण्याची तयारी दाखवावी लागली. असे का झाले?

मॅकार्थी आणि झाल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये चळवळीच्या समर्थकांचे दोन प्रकार सांगितले: यशाचा थेट लाभ होणारे आणि लाभ नसतानाही विवेकाने साथ देणारे. १९२७ मध्ये महाडला ज्यांना पाणी नाकारले होते, त्यांनीच चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हत्तीण मोर्चा काढू शकत नाही. त्यामुळे प्राणीहक्कांची चळवळ पूर्णपणे दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर उभी राहते. त्यांत प्राण्याच्या रोज सोबत असणारेच नसतील, तर ती तोकडी पडते.

स्नो आणि बेनफर्ड या अभ्यासकांच्या मते चळवळीला तीन गोष्टी पटवाव्या लागतात: चूक काय, उपाय काय आणि तुम्ही का यायचे. सांधेदुखी, पायांचे दुखणे, कळपाविना एकटेपण ही पेटाची मांडणी न्यायालयाला पटली. उपाय मात्र अंबानींच्या केंद्राचा निघाला आणि गावाने त्याचा अर्थ लावला: श्रीमंत माणूस आपली माधुरी घेऊन चालला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावापर्यंत पोहोचलेच नाही.

याच पेटाने २०२३ मध्ये केरळात वेगळी वाट धरली होती. त्रिशूर जिल्ह्यातील इरिंजाडप्पिळ्ळी मंदिराने जिवंत हत्ती न ठेवण्याचा संकल्प केला, तेव्हा त्याला यांत्रिक हत्ती भेट दिला. मिरवणूक राहिली, साखळी गेली. निर्णय मंदिराचा असल्याने विरोधाला कारणच उरले नाही.

गावाचे प्रेम खरे होते, तसे माधुरीचे दुखणेही खरे होते. पदयात्रेने तिचे पाय बरे होत नाहीत आणि केवळ निकालाने पुढची माधुरी सुटत नाही. कार्यकर्त्याने न्यायालयाआधी माहुताच्या घरी जावे, त्याच्या पोटापाण्याची सोय बोलावी, पशुवैद्याला गावासमोर उभे करावे. करुणा असली तरी संघटन टाळता येत नाही.