मशालींचे मोल

ऑलिंपिकची मशाल ही प्राचीन ग्रीसची देणगी होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो खरा नाही. अथेन्सच्या धार्मिक उत्सवांत मशालींच्या शर्यती होत असत, परंतु ऑलिंपियातील प्राचीन स्पर्धांशी त्यांचा संबंध नव्हता. ऑलिंपियात सूर्यकिरणांनी ज्योत चेतवायची आणि धावपटूंनी ती यजमान नगरीपर्यंत न्यायची, ही प्रथा १९३६ साली बर्लिनच्या स्पर्धांनी पाडली. कल्पना कार्ल डीम यांची, सोहळा हिटलरच्या राजवटीचा आणि पोलादी मशाली क्रुप या शस्त्रनिर्मात्या कारखान्याच्या! पुढे बाराच वर्षांनी, ग्रीसमध्ये यादवी युद्ध पेटलेले असताना, लंडनच्या स्पर्धांसाठी ज्योत निघाली. तेव्हा पहिल्या धावपटूने, जो सैनिक होता, आपले शस्त्र आणि गणवेश उतरवून ठेवले व मगच मशाल हाती घेतली.

या मशालींचा संग्रह करणारे आज जगभर आहेत. त्यांच्या बाजारात मोल ठरते ते मुख्यतः दुर्मिळतेवर. १९५२ साली हेलसिंकीसाठी अवघ्या २२ मशाली घडविण्यात आल्या. साहजिकच त्यांतील एकीला २०११ साली पॅरिसच्या लिलावात २ लाख ९० हजार युरो मिळाले. बर्लिनच्या मशाली तीन हजारांहून अधिक. म्हणून त्या तुलनेने स्वस्त. परंतु शतकाच्या इतिहासाविषयी अधिक काही सांगण्याजोगे कोणापाशी आहे, याचे उत्तर लिलावाच्या आकड्यांत सापडत नाही.

२०१२ साली लंडनच्या ज्योतयात्रेत आठ हजार जण धावले. प्रत्येकाला आपली मशाल १९९ पौंडांना विकत घेता येत होती. यात्रा संपण्यापूर्वीच काही मशाली इंटरनेटवर विक्रीस आल्या आणि नाराजीचा सूर उमटला. मात्र ही विक्री सरसकट निंद्य ठरविणे न्यायाचे नव्हे. काहींनी ते पैसे धर्मादाय कार्यास दिले. शिवाय सर्वच मशाली लोझानच्या ऑलिंपिक संग्रहालयात मावणाऱ्या नाहीत. खाजगी संग्राहक नसते, तर अनेक वस्तू अडगळीत नाहीशा झाल्या असत्या.

खरा प्रश्न मालकीचा नसून स्मृतीचा आहे. मशाल कोणी वाहिली, कोणत्या रस्त्याने वाहिली, त्या वेळी त्या देशात काय चालले होते, याची नोंद वस्तूबरोबर राहिली तरच तो संग्रह. एरवी ती केवळ धातूची साठवण. विशेषतः बर्लिनची मशाल लखलखीत करून काचेआड मांडायची आणि तिच्यामागील राजवटीविषयी मौन पाळायचे, ही इतिहासाची प्रतारणा होय. ज्योत पुढच्या हाती जाते, मशाल मागे राहते. मागे राहिलेल्या वस्तूने साक्ष द्यावी, एवढीच अपेक्षा आहे. आणि ती साक्ष पुसली जाऊ न देणे, हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य आहे.