स्मशानातील शिल्लक



उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा तेरा वर्षांचा नातू न्यू जर्सीहून महिनाभर आमच्याकडे आला होता. तो येण्यापूर्वीच चिरंजीवांचा दूरध्वनी आला, "बाबा, त्याच्या डोक्यातून ते पत्त्यांचे वेड तुम्हीच काढा. खाऊचे सगळे पैसे त्यात जातात." पत्ते म्हणजे जुगार, ही आमच्या घरातील जुनी समजूत. मी ते काम आनंदाने अंगावर घेतले.

पहिल्याच संध्याकाळी त्याने सतरंजीवर पत्ते मांडले आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, हे ग्रेव्हयार्ड." मी त्याचा अर्थ सांगताच सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दिवेलागणीला घरात स्मशान कसले मांडता?"

खेळाचे नाव 'यु-गि-ओ'. काझुकी ताकाहाशी या जपानी चित्रकथाकाराने १९९६ मध्ये सुरू केलेल्या चित्रकथेतून तो उगम पावला आणि १९९९ मध्ये कोनामी कंपनीने तो जपानच्या बाजारात आणला. दोन खेळाडू, प्रत्येकाचे ८००० गुण. समोरच्याचे गुण शून्यावर आणावयाचे. प्रत्येकाने स्वतः जुळविलेला चाळीस ते साठ पत्त्यांचा जोड आणावयाचा, एक पत्ता तीनपेक्षा अधिक वेळा घ्यावयाचा नाही. आरंभी हातात पाच पत्ते. पैसा पणाला लागत नाही, हे पाहून माझा निम्मा विरोध मावळला. बंद पाकिटातून काय निघेल ते मात्र नशिबावर असते. तेवढा भाग जुगाराच्या जवळचा आहे, हे मी त्याला स्पष्ट सांगितले.

वापरून झालेले वा नष्ट झालेले पत्ते स्मशानात जातात. मी समजलो, ते संपले. परंतु तसे नाही. 'मॉन्स्टर रीबॉर्न' हा पत्ता दोहोंपैकी कोणाच्याही स्मशानातून एक मॉन्स्टर उठवून आपल्या बाजूला आणतो. 'फूलिश बरियल' तर आपल्याच जोडातील एक मॉन्स्टर मुद्दाम स्मशानात धाडतो. आपल्या व्यापारी बंधूंना हे लगेच उमगेल. गोदामात गेलेला माल फडताळावर दिसत नसला, तरी तो आपलाच असतो.

याच्या पलीकडे आणखी एक ठिकाण आहे, ते म्हणजे हद्दपारी. २०११ पर्यंत इंग्रजीत त्यास केवळ 'खेळातून काढलेले' असे म्हणत. अनेक बलाढ्य पत्ते स्मशानातील पत्ते हद्दपार करूनच आपले काम करतात. म्हणजे स्मशान ही जमा आणि हद्दपारी हा खर्च. हद्दपार झालेलेही क्वचित परत येते. 'बरियल फ्रॉम अ डिफरंट डायमेन्शन' तीन मॉन्स्टरांपर्यंत स्मशानात परत आणतो. बँकेतही बुडीत खात्यात टाकलेल्या कर्जाची वसुली चालूच असते. मात्र त्या वसुलीच्या भरवशावर कोणी नवे कर्ज देत नाही.

नातवाचा लाडका पत्ता 'डार्क आर्म्ड ड्रॅगन'. आपल्या स्मशानात 'डार्क' गटाचे नेमके तीन मॉन्स्टर असतील, तरच तो उतरतो. दोन असले तर नाही आणि चार असले तरीही नाही. उतरल्यावर त्यांतील एक हद्दपार करावा आणि मैदानातील एक पत्ता नष्ट करावा. तीन वेळा असे केले की शिल्लक शून्य. चौथा मॉन्स्टर चुकून जमा झाला, तर 'केऑस सॉर्सरर' उतरवावा. तो एक 'लाइट' आणि एक 'डार्क' हद्दपार करून येतो, म्हणजे चाराचे तीन होतात. रोजमेळ जुळवावा तसा हा प्रकार पाहून मी चश्मा पुसून सरसावून बसलो.

नातू तेथील दुकानातल्या स्पर्धेत सतत हरत होता. आणखी एक महागडा पत्ता घेतला की जिंकू, असे त्याने मनाशी ठरविले होते आणि आम्ही दिलेले पैसे त्यासाठीच बाजूला ठेवले होते. मी त्याला म्हटले, "अरे, आधी खतावणी तर करू." त्याच्या जोडात बावन्न पत्ते होते. स्मशानातून खर्च करणारे चौदा, तेथे जमा करणारे केवळ पाच! उत्पन्नाच्या जवळजवळ तिप्पट खर्च. आणि त्यात तो आणखी एक खर्चिक पत्ता आणणार होता.

मग कागद-पेन्सिल घेतली. एखाद्या पत्त्याच्या तीन प्रती असतील, तर चाळीसच्या जोडात पहिल्या पाचांत त्यांपैकी निदान एक येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के, साठच्या जोडात सुमारे २३ टक्के. म्हणून जोड चाळीसवर आणला. जमा करणारे बारा केले, खर्च करणारे पाच ठेवले. शिवाय स्मशानावर मुळीच अवलंबून नसलेले सहा पत्ते घालावयास लावले. कारण 'मॅक्रो कॉसमॉस' नावाचा एक पत्ता आहे. समोरच्याने तो मांडला की स्मशानात जाणारा प्रत्येक पत्ता परस्पर हद्दपार होतो. जमा होण्यापूर्वीच खाते गोठते.

बारा पत्ते काढून ठेवताना त्याचे डोळे भरून आले होते. प्रत्येक पत्ता त्याने खाऊच्या पैशांतून घेतला होता. मी काही बोललो नाही. दुकानात अडकलेला माल तोट्यात काढताना जाणत्या माणसांचेही असेच होते.

परत गेल्यावर तीन आठवड्यांनी त्याचा दूरध्वनी आला. चार डावांत दोन जिंकले, दोन हरले. शेवटच्या डावाआधी त्याने माझे ते सहा पत्ते काढून आणखी जमा करणारे घातले होते, आणि समोरच्याने नेमका 'मॅक्रो कॉसमॉस' मांडला. "आजोबा, सगळी शिल्लक एकाच खात्यात होती," तो म्हणाला. महागडा पत्ता त्याने अजून घेतलेला नाही. पैसे त्याच्या आईकडे ठेवले आहेत.

मग चिरंजीवांनी विचारले, "वेड गेले का त्याचे?" सोपविलेले काम माझ्या हातून झालेले नाही, हे मला कबूल करावे लागले. येताना त्याने माझ्यासाठीही चाळीस पत्ते आणावेत, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.