ताळेबंदाची उजवी बाजू

सप्टेंबर हा सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा महिना. वरसे-रोह्यात घरोघर पतसंस्थांचे अहवाल येऊन पडतात आणि लाभांश किती टक्के एवढं पाहून रद्दीत जातात. मधली दोन पानं कुणी उघडत नाही. डावीकडे ‘भांडवल व देणी’, उजवीकडे ‘जिंदगी व येणी’, आणि दोन्हींची बेरीज पैशापर्यंत जुळलेली. बेरीज जुळली म्हणजे संस्था ठणठणीत, असा आपला समज. पण ती जुळणारच. जुळल्याशिवाय ताळेबंद छापायला जातच नाही. पाहायचं असतं ते कुठली रक्कम कुठल्या रकान्यात बसवली आहे ते.

ही बसवणूक वस्तू पाहून होत नाही, धंदा पाहून होते. धाटावच्या रस्त्याला कुणी मेडिकल टाकलं, तर त्यातला फ्रीज स्थिर मालमत्ता. तोच फ्रीज फ्रीजविक्याकडे असेल तर माल, म्हणजे चालू मालमत्ता. पेणच्या गणपती कारखान्यात साचे स्थिर, मूर्ती चालू. ३१ मार्चला तिथे मूर्ती अर्धवट असतात, काहींना तर रंगाचा हातही लागलेला नसतो. त्यांची किंमत लावायची ती झालेल्या खर्चाइतकी. विकून त्याहून कमीच येणार असेल तर ती कमी. भाद्रपदात मिळणारा भाव मार्चमध्येच धरता येत नाही. शिवाय मुंबईच्या व्यापाऱ्याने आगाऊ दिलेली रक्कम गल्ल्यात असली, तरी मूर्ती पोचेपर्यंत ती देण्यातच दाखवायची. कर्जाचेही दोन तुकडे होतात: येत्या बारा महिन्यांतले हप्ते चालू देणी, बाकीचं दीर्घ मुदतीचं. हे तुकडे न पाडता ‘धंदा जोरात आहे’ म्हणणाऱ्यांचीच मार्चअखेरीला धावपळ होते.

बँकेत हे सगळं उलटं दिसतं. आपली ठेव ही आपली मालमत्ता, बँकेचं देणं. बँकेने वाटलेलं कर्ज ही बँकेची मालमत्ता. म्हणून ‘ठेवींत विक्रमी वाढ’ असा फलक लागतो तेव्हा खरं तर देणी वाढल्याची जाहिरात झालेली असते.

पेण अर्बन बँकेचं काय झालं ते जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. बोगस कर्जखाती पुढे आली, शेकडो कोटींची. डाव्या बाजूच्या ठेवी खऱ्या होत्या. कुणाच्या निवृत्तीच्या, कुणाच्या लेकीच्या लग्नाच्या. उजव्या बाजूची कर्जं मात्र कागदावर होती. माझं मत त्यावरूनच बनलं आहे: देणी खरी धरावीत, मालमत्ता तपासून घ्यावी. डाव्या बाजूला वसुलीसाठी माणूस दारात येतो, उजव्या बाजूला बऱ्याचदा संचालकांचा अंदाज असतो. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख होती, २०२० मध्ये ती ५ लाख झाली. त्यापलीकडची रक्कम या अंदाजाच्या भरवशावर. पतसंस्थेच्या ठेवीला तर तो विमाही नाही.

बँकांच्या ताळेबंदाचा नमुना १९४९ च्या बँकिंग कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत दिला आहे. कायदा आला तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख. सहकारी बँकांना तो लागू व्हायला मात्र १९६६ उजाडलं, आणि पतसंस्था आजही त्याच्या बाहेरच आहेत.

तेव्हा यंदा सभेला जाल तर लाभांशाआधी दोन आकडे विचारा. उजवीकडच्या ‘येणे कर्जा’त थकीत किती? आणि डावीकडे ‘संशयित व बुडीत कर्ज निधी’ किती धरला आहे? बँकेत कर्ज ९० दिवस थकलं की ते अनुत्पादक ठरतं, आणि पुढे दुय्यम, संशयित, बुडीत अशा पायऱ्या उतरत जातं. दर पायरीला तरतूद वाढवावी लागते. थकबाकी मोठी आणि निधी तुटपुंजा असेल, तर वाटला जाणारा लाभांश कुठून येतो, हा तिसरा प्रश्न.