पिल्लू आणताना खेळणार कोण?

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. अकराच दिवसांनी मोठ्या खंडपीठाने तो बदलला: नसबंदी व लसीकरण करून कुत्री होती तिथेच सोडावीत, मात्र रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश निघाला. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांत दोन तट पडायला एवढे निमित्त पुरेसे होते. आमच्याकडेही पडले. पण दोन्ही तट बोलत होते ते रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी. जिन्यावरून चढून घरात येणाऱ्या कुत्र्याविषयी कुणीच बोलेना.

कुत्रे आक्रमक का होते? काही अंशी ते उपजत असते. पण स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की पिल्लाच्या आयुष्यातला साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ फार मोलाचा असतो. माणसे, मुले, आवाज यांची ओळख तेव्हा सहज होते. पुढे ती कष्टाने करून द्यावी लागते. आपल्याकडच्या २०१७च्या नियमांनुसार दोन महिन्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. ते योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की पिल्लू घरी येते तेव्हा हाती जेमतेम महिनाभर उरलेला असतो. आणि नेमक्या त्याच महिन्यात आपण त्याला गॅलरीत बांधून ठेवतो!

या वयाचे शिक्षण खेळातूनच होते. भावंडांत दंगामस्ती करताना एकाने जोरात चावा घेतला, की दुसरे केकाटते आणि खेळ थांबवते. खेळ थांबणे हीच शिक्षा. घरातही तेच करावे. हाताला दात लागले, की हात आवरावा, अर्धा मिनिट स्तब्ध उभे राहावे आणि मग चघळायला दोरी द्यावी. मुले किंचाळत पळतात. पिल्लाला वाटते, खेळ रंगला.

त्या दोरीची ओढाओढही चांगली. कुत्र्याला जिंकू दिले तर ते डोक्यावर बसते, असा समज आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठातील रूनी व ब्रॅडशॉ यांनी २००२ साली चौदा गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांबरोबर हाच खेळ खेळून पाहिला. जिंकल्यामुळे कुत्री वरचढ झाल्याचे त्यांना आढळले नाही. नियम एकच: ‘सोड’ म्हटले, की सोडायचे आणि सोडले, की खेळ पुन्हा सुरू. दिल्याने आपले काही जात नाही, हे पिल्लाला उमगते. तिसरा खेळ लपाछपीचा. दाराआड लपून एकदाच नाव घ्यावे, सापडल्यावर खाऊ द्यावा. रागावण्यासाठी मात्र त्याला कधीही हाक मारू नये. मारली, तर हाकेची पत जाते.

पत हा शब्द माझ्या जुन्या नोकरीतला. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो: हप्ता कोण भरणार? पिल्लू घेताना किंमत ठरते, नाव ठरते, फोटो निघतात. रोज तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटे खेळणार कोण, हे तेवढे ठरत नाही. हट्ट मुलांचा, पैसे वडिलांचे आणि सारा व्याप आईच्या गळ्यात! सात-आठ महिन्यांत पिल्लाचे दांडगे कुत्रे होते, पाहुण्यांवर धावते आणि एके दिवशी ‘ओळखीच्यांच्या शेतावर’ रवाना होते. शेत पुष्कळदा हमरस्त्याच्या कडेलाच संपते. जनावर असे टाकून देणे हा १९६०च्या कायद्याने गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मुळात उघड्या कचऱ्याचा आणि अपुऱ्या नसबंदीचा आहे, हे खरेच. पण त्यात आपल्या घरातून भर पडत असेल, तर ती थांबवायला न्यायालय कशाला हवे? ज्या घरात रोज अर्धा तास जमिनीवर बसून खेळणारे एकही माणूस नाही, त्या घराने पिल्लाचा मोह टाळावा. आणि असे माणूस असेल, तर पिल्लू जरूर आणावे. चावऱ्या कुत्र्यावरचा इतका स्वस्त उपाय कुठल्याही आदेशात सापडणार नाही.