मालक घरात नसेल तर ते घर नाही, लॉज आहे

आज जरा लांब लिहिणार आहे. काहींना राग येईल. येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पंधरवड्यात औंढ्याचा शाळेतला एक मित्र भेटला. नाव लिहीत नाही, त्याच्या घरात अजून चर्चा चालू आहे. नागनाथाच्या देवळापासून पाच मिनिटांवर त्यांचा वाडा आहे. ढेलज, मधे चौक, सागवानी खांब, वर माळवद. बाहेरगावच्या एका पार्टीनं त्याला ऑफर दिली आहे. अकरा वर्षांच्या करारावर वाडा ताब्यात द्या, आम्ही आमच्या पैशानं सजवतो, ॲपवर टाकतो, तुम्हाला दरमहा भाडं. तुम्ही फक्त घर रिकामं करून द्या.

मित्र म्हणाला, "तू पत्रकार हायस, सांग. हो म्हणू का?"

मी म्हणालो, नको. तो म्हणाला, "कामून?" टपरीवर उभ्या उभ्या त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. आज ऑफर त्याला आहे, उद्या तुमच्या गल्लीत येईल.

आधी पणजीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी नातेवाईकांसोबत गोव्याला गेलो होतो. भावाच्या मुलीनं फोंतेन्हासमधला एक फ्लॅट ॲपवर बुक केला होता. फोंतेन्हास म्हणजे पणजीतली जुनी वस्ती. एका बाजूला आल्तिन्होची टेकडी, दुसरीकडं ओरेमची खाडी, मधे अरुंद गल्ल्या आणि पिवळी, निळी, तांबडी कौलारू घरं. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही वस्ती उभी राहू लागली आणि १८४३ मध्ये पणजी पोर्तुगीज गोव्याची राजधानी झाली. म्हणजे तिथं लोक दोनशे वर्षांपासून राहताहेत.

फ्लॅट झकास होता, खोटं कशाला बोलू. जुन्या नक्षीच्या फरशा, वेताच्या खुर्च्या, निळी भिंत, छोटीशी गॅलरी. किल्ली मात्र दाराजवळच्या नंबराच्या डबीत. मालक कोण, कुठला, शेवटपर्यंत कळलं नाही. रात्री अकराला लाईट गेली. दिलेल्या नंबरवर फोन लावला तर तो दुसऱ्याच शहरातल्या माणसानं उचलला, आणि मेन स्विच कुठं आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या बाई बॅटरी घेऊन आल्या आणि जिन्याखालचं मीटर दाखवलं.

सकाळी आभार मानायला गेलो. त्यांच्या दारावर फोटो काढू नका अशी पाटी. मी विचारलं. त्या म्हणाल्या, दिवसभर पोरंपोरी येऊन आमच्या पायऱ्यांवर बसतात, कपडे बदलून बदलून फोटो काढतात, दार उघडलं तर "आंटी, जरा बाजूला" म्हणतात. मग समोरच्या ओळीकडं हात करून म्हणाल्या, पूर्वी नाताळात या सगळ्या घरांत माणसं असायची, आता काही घरांत फक्त शनिवार-रविवारी दिवे लागतात. त्या चिडून बोलत नव्हत्या. मला मात्र खाली बघावं लागलं, कारण त्या दिव्यांतला एक दिवा आमचा होता.

आता कोणी म्हणेल, होमस्टेला विरोध करतोस का? अजिबात नाही. उलट होमस्टे व्हावेत म्हणून तर लिहितोय. केंद्र सरकारची 'अतुल्य भारत' निवास-न्याहारी योजना वाचा. त्यात खोल्या एक ते सहा, आणि मालकानं कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे अशी अट आहे. एअरबीएनबीची सुरुवातही तशीच. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन पोरांना घरभाडं जड झालं, म्हणून त्यांनी स्वतःच्या हॉलमध्ये हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. पोरं त्याच घरात राहत होती. पुढं धंदा वाढला, गुंतवणूकदार आले आणि मालक घराबाहेर पडला.

त्याचे परिणाम मोठमोठ्या शहरांना भोगावे लागले. न्यूयॉर्कनं सप्टेंबर २०२३ पासून कडक नोंदणी लावली. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं असेल तर मालक तिथं राहत असला पाहिजे आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवणार नाही, कारण गावातल्या लोकांनाच घरं परवडेनात. ही श्रीमंत शहरं, त्यांच्याकडं कायदे आहेत, माणसं आहेत. आपल्या नगरपंचायतीकडं काय आहे?

आपला जिल्हा १९९९ ला झाला. पर्यटनाचं नाव काढलं की भाषणात दोन गावं ठरलेली, औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव. एकीकडं ज्योतिर्लिंग, दुसरीकडं नामदेवांचं गाव, जिथं महाराष्ट्राबरोबर पंजाबातूनही भाविक येतात. पण येणारा माणूस दर्शन घेतो, गाडीत बसतो आणि मुक्कामाला नांदेडला जातो. त्याला इथं थांबवायचं तर त्याला काय दाखवणार? एसी आणि पांढरी चादर नांदेडातही मिळते. वाड्यातल्या चौकात बसून ज्वारीची भाकरी आणि ठेचा, आणि नामदेव कीर्तन करताना देऊळ फिरलं ही कथा सांगणारी घरची म्हातारी, हे फक्त इथं मिळतं. म्हातारीला प्लॉटिंगवरच्या भाड्याच्या खोलीत पाठवून वाडा दिला, तर उरले फक्त खांब.

मित्राचा मुद्दा मला कळतो. माळवद गळतंय. दरसाली पांढरी माती टाकायला आता गडी मिळत नाही. भावकीत हिस्से आहेत. "वाडा पडला तर तू येणार हायस का उभा करायला?" असं तो म्हणाला. बरोबर आहे. वारसा जपा असं पोस्टमध्ये लिहायला पैसे लागत नाहीत, माळवदाला लागतात.

म्हणून हिशेब करू. सगळा वाडा देऊ नका. दोन खोल्या नीट करा, स्वच्छ संडास-बाथरूम बांधा. हजार रुपये दिवसाचे धरा, महिन्यात दहाच दिवस माणूस आला तरी वीस हजार. पार्टीनं कबूल केलेलं भाडं याहून कमी आहे, मी विचारलंय. खर्च आणि राबणं तुमचं, हे खरं. पण राज्याच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात महिलांना अशा व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. वहिनींच्या नावानं अर्ज करा. कागदपत्रांसाठी मी सोबत येतो, हे इथं सगळ्यांसमोर लिहून देतो.

आणि औंढ्याच्या नगरपंचायतीला तीन मागण्या. एक, पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराची नोंद ठेवा आणि दारावर मालकाचं नाव व फोन नंबर लावायला सांगा. दोन, मालक घरात राहत नसेल तर त्याला लॉजचेच नियम लावा. आगीची व्यवस्था, पार्किंग, कर, सगळं. तीन, परवानगी देण्याआधी शेजाऱ्यांना विचारा. रात्री दोनला गाडीचा हॉर्न त्यांनाच ऐकायचा आहे.

गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते तेव्हा लोक वारकऱ्यांना ओसरी देतात, पाणी तापवून देतात. पाहुणा ठेवणं आपल्याला कोणी नवीन शिकवायची गरज नाही. त्यातून चार पैसे मिळाले तर तेही वाईट नाही. फक्त ते त्या घरात राहणाऱ्याला मिळावेत.

मित्राची आई पंच्याहत्तरीची आहे. करार समजावून सांगितल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मंग श्रावणात देवाला येणाऱ्या बायकांना पाणी कोण देईल?" कोणी उत्तर दिलं नाही.

पार्टीला या महिनाअखेरीस उत्तर द्यायचंय. औंढ्यातल्या, नर्सीतल्या लोकांनी आपलं मत लिहा. विरोधात असलं तरी लिहा. तो वाचणार आहे.