न्यायाधीश निवडून द्यावेत काय?

सरपंच आपण निवडतो, आमदार-खासदार आपण निवडतो. मग तालुक्याच्या न्यायालयात बसणारा न्यायाधीशच तेवढा लोकमताबाहेर का? कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा प्रश्न अधूनमधून निघतो, आणि तो विचारणाऱ्याचा संताप आम्ही समजू शकतो. धाराशिव जिल्ह्यात ज्यांच्या जमिनी तलावांखाली गेल्या त्यांनी वाढीव मोबदल्यासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली दाद मागितली, तेव्हा बापाने लावलेले प्रकरण पुष्कळदा मुलाला पुढे चालवावे लागले. पारध्याच्या पोराला केवळ संशयावरून उचलले, तर त्याला कोठडी द्यावयाची की सोडावयाचे हे ठरविणाराही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीच. सर्वोच्च न्यायालय या माणसांना वर्तमानपत्रातून भेटते. त्यांचे न्यायालय म्हणजे भूम, परंडा, कळंब, उमरगा येथील ती इमारत.

तरीही न्यायाधीशांच्या निवडणुकीस आमचा स्पष्ट विरोध आहे. निवडणूक म्हटली की पैसा आला, आणि आपल्या जिल्ह्यात निवडणुकीचा पैसा कोणाकडून येतो हे उसाचे बिल थकलेल्या शेतकऱ्याला सांगावयास नको. अमेरिकेत अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. तेथे पश्चिम व्हर्जिनिया राज्यात २००४ साली एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका उमेदवारासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्ची घातले. उमेदवार निवडून आला. त्या कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निकाल झालेला होता. अपील त्याच न्यायालयापुढे आले, हे न्यायमूर्ती बाजूला झाले नाहीत आणि निकाल कंपनीच्या बाजूने फिरला. त्यांनी या खटल्यात बसावयास नको होते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले. कोळशाच्या जागी साखर घालून वाचकांनी हे उदाहरण पुन्हा एकदा वाचावे.

मेक्सिकोने तर लोकांचा न्याय या घोषणेखाली १ जून २०२५ रोजी देशभर न्यायाधीशांची निवडणूक घेतली. मतदान झाले सुमारे १३ टक्के. कोणाच्या नावापुढे खूण करावयाची याच्या छापील चिठ्ठ्या वाटल्या गेल्याचे आरोप झाले. अर्थात ती घोषणा डाव्यांचीच होती, हे आम्ही लपवीत नाही.

आणि इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने आपल्याकडेही न्यायपंचायती होत्या, सत्तरीच्या दशकात त्या रद्द झाल्या. ग्रामपंचायतींनी निवडून दिलेले पंच त्यांत बसत. ज्या गावात पाणवठाही जातीने वाटलेला होता, तेथे असे पंच कोणाच्या घरातून येणार होते?

मात्र निवडणूक नको म्हणून भागत नाही. आज न्यायाधीश होतो कोण, हा खरा प्रश्न आहे. राज्यघटनेच्या कलम २३४ अन्वये राज्यपाल लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून दिवाणी न्यायाधीशांची भरती करतात. प्रत्यक्षात ती स्पर्धा परीक्षेने होते. ही परीक्षा महाराष्ट्रात चांगल्या गुणांनी पदवी मिळविणाऱ्यास वकिली न करताही देता येत असे. ऊसतोड कामगाराची मुलगी कायदा शिकली, चिकाटीने अभ्यास केला, तर ती न्यायासनापर्यंत पोहोचू शकत होती. वशिला लागत नव्हता, घरात वकिलीची गादी लागत नव्हती.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. १९९३ मध्ये घातलेली हीच अट त्याच न्यायालयाने २००२ मध्ये काढून टाकली होती. अटीमागील कारण आम्ही उडवून लावीत नाही. ज्याने कधी साक्षीदाराची उलटतपासणी केली नाही, पक्षकाराचे रडणे ऐकले नाही, त्याने पंचविशीत दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा निर्णय करावा हे धोक्याचेच आहे. परंतु ही तीन वर्षे कोणी कशी काढावयाची? मोठ्या वकिलाच्या मुलाची ती घरच्या कार्यालयात निघतात. भूमच्या मजूर बाईच्या मुलीला मात्र तालुक्याच्या ठिकाणी खोली घ्यावी लागते, काळा कोट शिवावा लागतो आणि ज्येष्ठ वकिलांच्या फायली वाहाव्या लागतात. महिनाअखेर हातावर काय पडेल हे त्या वकिलाच्या मर्जीवर. अनुभवाची अट घातली, पण अनुभव घेताना जगावयाचे कशावर, याची तजवीज केली नाही. मतपेटीऐवजी आता बापाची ऐपत निवड करील.

भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचविले. ती शिफारस आहे, बंधन नव्हे. आणि कर्जबाजारी जिल्ह्यातील छोट्या वकिलाला आपल्या कनिष्ठाला पंधरा हजार देणे परवडणारही नाही, हेही खरे. तेव्हा दुर्बल घरांतील कनिष्ठ वकिलांसाठी हा भार राज्य शासनाने उचलला पाहिजे. आपल्या तालुका शाखांनी वकील संघांना बरोबर घेऊन ही मागणी जिल्हाधिकारी कचेरीपासून विधिमंडळापर्यंत न्यावी. एका मुलीचे तीन वर्षांचे पाच लाख चाळीस हजार रुपये होतात.